दादाच्या अंघोळीचं पाणी

दादा मंगळवारी गेला. सकाळी अंघोळ करून तो बाहेर आला, खुर्चीत बसला, पेपर उघडला. मी चहा घेऊन आले तेव्हा पेपर जमिनीवर होता. डॉक्टर आले आणि त्यांनी वेळ लिहिली. दुपारी त्याला नेलं. संध्याकाळी घरी परतल्यावर मी अंघोळीला गेले, तेव्हा खाली त्याचं पाणी तसंच होतं.

त्याचं पाणी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आम्ही दोघं भावंडं. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. कारणं वेगवेगळी होती आणि आता ती सांगण्यात अर्थ नाही. दादा मराठी शाळेत भूगोल शिकवायचा. शेवटच्या वर्षी त्याच्या वर्गातली मुलं हाताच्या बोटांवर मोजता येत होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना नकाशावरची नावं इंग्रजीतून वाचावी लागत. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. नारायणगुड्यातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आमचं दोन खोल्यांचं घर. आधीच्या मालकानं बाथरूमच्या कोपऱ्यात शॉवरसाठी जागा करून घेतली होती: तीन फूट लांब, तीन फूट रुंद, पुढे चार बोटं उंचीचा उंबरा, एका बाजूला काच. बाकीचं बाथरूम कोरडं राहावं म्हणून केलेली सोय.

दादानं तो शॉवर एकदाही वापरला नाही. "शॉवरखाली उभं राहिलं की आपण किती पाणी घेतलं ते कळत नाही," तो म्हणायचा. तो त्या कोपऱ्यात पाट ठेवायचा, त्यावर बसायचा आणि बादलीतून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचा. प्रत्येक तांब्याला एका नदीचं नाव. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा अशी यादी मांजरेपर्यंत यायची आणि सगळ्यांत शेवटी तो आमच्या शहरातून वाहणाऱ्या मुसीचं नाव घ्यायचा. मी एकदा विचारलं होतं की त्या गटारात कोण अंघोळ करेल. तो म्हणाला, "तिची काय चूक? आपण केलं गटार."

आमच्या इमारतीत एक दिवसाआड पाणी येई, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर. त्यामुळे अंघोळीचं पाणी वाहून जाऊ देणं दादाला पटत नसे. जाळीच्या तोंडात तो जुन्या पंचाचा बोळा घट्ट बसवायचा. उंबऱ्यामुळे पाणी आत साचायचं. अंघोळ झाली की तो पंचा गुंडाळून, वाकून, मगानं ते सगळं पाणी बादलीत भरायचा. एक बादली गॅलरीतल्या कुंड्यांना, उरलेल्या संडासाला. मग बोळा काढून, पिळून, खिळ्याला टांगायचा आणि फरशी फडक्यानं कोरडी करायचा. सोळा वर्षं, रोज. त्यानंतर माझा नंबर. मी बाहेरून विचारायची, "झालं का रे?" तो आतून म्हणायचा, "रिकामी परेशान होऊ नकोस, मुसी राहिलीय."

त्या मंगळवारी मात्र त्यानं पाणी उपसलं नव्हतं. बरं वाटत नसणार. मला सांगितलं नाही.

स्मशानातून आल्यावर अंघोळ करावी लागते. मी त्या पाण्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभी राहिले. साबणाचा पातळ पांढरा थर होता, तो माझ्या पायांपासून दूर सरकला. मी बोळा काढला नाही. माझं पाणी त्याच्या पाण्यात पडत राहिलं. उंबऱ्यावरून वाहायला लागलं तेव्हा मी थांबले. ते पाणी मी तिसऱ्या दिवशी उपसलं, तेही पाहुणे येणार होते म्हणून.

पाहुणे गेले. पुण्याची माणसं, तेराव्यानंतर त्यांची तिकिटं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले, खिळ्यावरचा बोळा घेतला आणि जाळीत बसवला. तसं ठरवलं नव्हतं. हातानं केलं. अंघोळ करताना मला तो आवाज ऐकू आला, जो मी सोळा वर्षं दाराबाहेरून ऐकला होता: साचलेल्या पाण्यावर पडणाऱ्या पाण्याचा. फरशीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा असतो. आता तो आवाज माझ्या पायाशी होता आणि बाहेर कुणी नव्हतं.

ते पाणी मी लगेच उपसलं नाही. कंबर दुखते असं स्वतःला सांगितलं. दुखत होतीच, पण कारण ते नव्हतं. दुपारी हात धुवायला गेले तर काचेच्या आतल्या बाजूला थेंब होते आणि खाली पाणी हलत होतं. आत्ताच कुणीतरी अंघोळ करून बाहेर पडलं असावं, तसं. मी तिथे उभी राहिले. बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज येईल म्हणून थोडा वेळ थांबले. आला नाही. तरी मी बाहेर आले ती पाय न वाजवता.

असं दोन वर्षं चाललं. सकाळी साचवलेलं पाणी मी संध्याकाळी उपसायची, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. कुंड्यांना ते जात होतं, त्यामुळे आपण दादाचंच काम करतोय असं म्हणायला जागा होती. पहिल्या सहा महिन्यांत कधीतरी मला एक सवय लागली. बाथरूमचं दार उघडण्याआधी मी त्यावर टकटक करायची. घरात दुसरं माणूस नाही हे मला माहीत होतं. मला वेड लागलेलं नव्हतं. मी बँकेत जात होते, विजेचं बिल भरत होते, वाचत होते. फक्त त्या एका दारावर टकटक करत होते आणि मग दोन क्षण थांबत होते.

पहिल्यांदा दार फुगलं. चौकटीचं लाकूड खालून काळं पडलं आणि बोट लावलं तर भुगा हाताला यायचा. मग भिंत. शॉवरच्या कोपऱ्याची भिंत आणि दादाच्या पुस्तकांच्या कपाटामागची भिंत एकच. त्या भिंतीला आधी एक पट्टा आला, मग रंगाचे पापुद्रे, मग पांढरी मिठासारखी बुरशी. एक दिवस मी त्याचा मोठा ॲटलास काढायला गेले तर तो कपाटाच्या पाठीला चिकटला होता. उघडला तर कृष्णेच्या खोऱ्याचं पान गोदावरीच्या खोऱ्याच्या पानाला चिकटलेलं. सोडवताना दोन्ही फाटली.

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. ओल काय करते हे मला शिकवायची गरज नव्हती. ओल दिसली की आधी पाणी शोधायचं आणि बंद करायचं, पुस्तकं नंतर. हे मी नव्या मुलींना कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी मी पाणी बंद केलं नाही. मी पुस्तकं माझ्या खोलीत हलवली.

त्यानंतर खालच्या अम्मागारू वर आल्या. पहिल्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली त्या राहतात. नवरा गेल्यापासून त्या ऑर्डर घेऊन आवकाय करतात, म्हणजे कैरीचं आंध्र लोणचं. त्यांचं वर्ष त्यावर चालतं. बरण्या असतात स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, आमच्या बाथरूमच्या खाली.

"मेडमगारू, ऊपर से पानी टपक रहा है," त्या दारातच म्हणाल्या.

"टाकी का पाइप होगा," मी म्हटलं.

"पाइप दिन भर टपकता? थकता नहीं क्या?"

"देखती हूँ मैं."

"आवकाय में एक बूंद गिरी तो पूरी बरनी फेंको. मालूम है ना आपको?"

"मालूम है."

"आठ दिन से बरनियाँ पलंग पर रखी है. मैं नीचे सो रही हूँ," त्या म्हणाल्या. जाताना जिन्यावरून वळून म्हणाल्या, "पाइप को बोलो, मेरी उमर बासठ है."

त्यानंतरही मी दोन आठवडे बोळा बसवत राहिले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. साठी उलटलेली बाई माझ्या खाली जमिनीवर झोपत होती आणि मी पाणी साचवत होते. पाणी थोडं लवकर उपसायचं एवढी सुधारणा केली. बोळा मात्र सोडवेना. एकदा ते पाणी वाहून जाऊ दिलं की तो त्या घरात शेवटचं जे करत होता ते थांबणार, आणि थांबवणारी मी असणार. एवढंच मला कळत होतं.

मग एका सकाळी अम्मागारूंच्या छताचा गिलावा पडला. बरणीवर नाही, बाजूला. आवाज वरपर्यंत आला.

पहिला ठेकेदार आला तो फोनमध्ये बघत बोलला. सगळं बाथरूम तोडायचं, नवे पाइप, नव्या टाइल्स, काचेची नवी केबिन. त्यानं सांगितलेला आकडा माझ्या आठ महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. मी त्याला पाणी दिलं आणि कळवते म्हटलं. अम्मागारूंनीच दुसरा माणूस पाठवला: मलकपेठेतले एक म्हातारे मिस्त्री, एकटेच, सायकलच्या हँडलला पिशवी.

ते आत आले. उकिडवे बसले आणि छिन्नीच्या मुठीनं एकेक टाइल वाजवत गेले. वरच्या टाइल्स टणक वाजल्या, खालच्या तीन ओळी बद्द.

"पूरा तोड़ना नक्को," ते म्हणाले. "नीचे के तीन लाइन और फर्श. पाइप अच्छा है. कांच भी येइच लगा देतुं."

"वो बोले सब तोड़ना पड़ेगा."

"उनो बोलेंगे. उनकू गाड़ी की किस्त भरना है."

खर्च कमी करायला जे मला करता येईल ते मी करायचं असं ठरलं. काचेच्या कडांना लावलेलं जुनं, काळं पडलेलं सिलिकॉन मी खरवडलं. पुस्तकांच्या कण्यावरचा जुना डिंक काढायची माझी पातळ सुरी होती, तिनं. दोन दिवस लागले. मिस्त्रींनी कड बोटानं तपासली आणि म्हणाले, "हौ, काम पे आ जाओ मेरे संग." टाइल्स आम्ही मलकपेठेत एका दुकानाच्या मागच्या अंगणातून आणल्या, कुणाच्या तरी घराचं काम उरकल्यावर उरलेल्या. आमच्या जुन्या टाइल्स साईच्या रंगाच्या आणि या शेवाळी. तीन ओळी आणि फरशी पुरेल एवढ्या एका रंगाच्या फक्त त्याच होत्या. ऑटोतून आणताना एक फुटली. राडारोडा मी कापडी पिशव्यांतून थोडा थोडा खाली नेला, एका वेळी एक पिशवी.

फरशी फोडली त्या दिवशी मी दारात उभी होते. आधी वास आला, बंद विहिरीसारखा. टाइलखालचं सिमेंट काळं होतं आणि हातात चुरडत होतं. मिस्त्रींनी जाळी उचलली आणि बोळा बाहेर काढला. सकाळी पुन्हा सवयीनं बसवला होता, पाणी उपसलं पण तो काढून ठेवायचं मी विसरले होते.

"ये क्या है मेडम?"

"कपडा."

"वो तो दिख रै. कायकू?"

मी सांगितलं. भाऊ होता, पाणी वाया जाऊ नये म्हणून अडवायचा, झाडांना घालायचा.

"कित्ते साल?"

"सोला."

त्यांनी सिमेंटचा एक तुकडा उचलला, मोडला, आतून बघितला. मग मान हलवली. "नई. सोला साल पानी खड़ा रैता तो नीचे का लोहा फूल के बाहर आता. ये इत्ता पुराना नई है. दो साल, ढाई साल. भाई पानी रखते नई थे ना? उठा लेते थे?"

"लगेच," मी मराठीतच म्हटलं. "दहा मिनिटांत."

"और पोंछते भी थे."

"हो."

"और उनके बाद?"

मी जाळीकडे बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बोळा घमेल्यात टाकला, त्यावर काळ्या सिमेंटचे तुकडे पडत गेले. थोड्या वेळानं म्हणाले, "चाय पिला देओ मेडम, शक्कर जरा ज्यादा."

मी गॅससमोर उभी राहिले. सोळा वर्षांत दादाच्या पाण्यानं त्या फरशीला काही केलं नव्हतं. मी त्याचं अर्धंच काम करत होते. अडवत होते तो अडवायचा म्हणून. पण तो अडवायचा ते उपसण्यासाठी. आणि उपसल्यावर तो फरशी कोरडी करून मोकळा व्हायचा. साचलेलं पाणी त्यानं कधी उभं राहून बघितलं नाही. तसं बघणारी मी होते. भिंत, दार, ॲटलास, खालचं छत, हे सगळं मी केलं होतं, त्याचं नाव घेऊन. चहा उतू गेला. पुन्हा ठेवला.

त्या संध्याकाळी मी खाली गेले. अम्मागारू पलंगावर बरण्यांच्या मधे जागा करून बसल्या होत्या, लसूण सोलत.

"पाइप नहीं था," मी म्हटलं. "मैं पानी रोकके रखती थी. दिन भर."

"मालूम था."

"कैसे?"

"सार थे तो सुबह बाल्टी की आवाज आती थी. घसीटने की. चार बार. फिर सार गए, आप नहाते सो आवाज आई, बाल्टी की नहीं आई." त्यांनी सालं फुंकून बाजूला केली. "मैं सोची, पानी किधर जा रहा. फिर मेरी छत पे दिखा."

"तो बोले क्यों नहीं?"

"बोली ना. पाइप का नाम तो आप लिए."

मी माफ करा म्हटलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "काम पूरा करो मेडमगारू. कैरी आ रही है मार्केट में." मग लसणाची परात माझ्याकडे सरकवली. मी अर्धा तास लसूण सोलला.

नवं वॉटरप्रूफिंग झालं, त्यावर फरशी बसली, उतार जाळीकडे धरला. सांधे भरून दोन दिवस सुकू दिले. मग मिस्त्री म्हणाले की आता जाळी बंद करून पाणी भरायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. खाली टपकलं तर पुन्हा फोडायचं, नाही टपकलं तर त्यांचं काम संपलं.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "पानी खडा रखना है?"

"हौ. चौबीस घंटे."

मी कपाटातून दादाच्या पंचाचा राहिलेला अर्धा तुकडा आणला. त्यांनी तो हातात घेतला, परत दिला. "कपड़ा पानी पीता मेडम. थोड़ा थोड़ा छोड़ता बी." प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून, गाठ मारून, त्यांनी ती जाळीच्या तोंडात दाबली. बादल्यांनी पाणी ओतलं, उंबऱ्याच्या खाली दोन बोटं येईपर्यंत. भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली आणि गेले.

दुपारी मी बाथरूमच्या दाराशी गेले. टकटक करायला हात उचलला होता, तो खाली घेतला आणि दार उघडलं.

पाणी स्वच्छ होतं. साबणाचा थर नव्हता, केस नव्हते, खालच्या शेवाळी टाइल्सचे सांधे सरळ दिसत होते. काच कोरडी होती. या पाण्यानं कुणी अंघोळ केली नव्हती. ते नळातून बादलीत आणि बादलीतून तिथे आलं होतं. मी पाट घेऊन समोर बसले आणि बराच वेळ बघितलं. दोन वर्षांत मला त्या कोपऱ्यात कुणी तरी नुकतंच जाऊन आल्यासारखं जे वाटायचं, ते यावं म्हणून मी वाट पाहिली. अगदी खरं सांगायचं तर मी नद्यांची नावंही घेतली, हळू, मुसीपर्यंत. पाणी हललं नाही. रेघेशी होतं तिथेच राहिलं.

संध्याकाळपर्यंत अम्मागारूंनी चारदा खालून हाक दिली, "कुछ नहीं." रात्री जेवणाआधी एकदा आणि सकाळी एकदा.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. रेघ तपासली, खाली जाऊन छताला तळहात लावून आले. "सूखा," म्हणाले. त्यांनी पिशवी ओढायला हात घातला, तेव्हा मी म्हटलं की मी काढते.

"निकालो," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी बाही वर केली. पाणी थंड होतं. वाळूची पिशवी घट्ट बसली होती, दोनदा ओढावी लागली. मग ती सुटली आणि पाणी जाळीत शिरलं, मोठ्या आवाजात, आणि शेवटी घशातून यावा तसा एक आवाज करून संपलं. बादली मी आणली नव्हती. झाडांसाठीही नाही. मिस्त्रींनी पिशवी धुतली, वाळू कुंडीत ओतली, पैसे मोजून घेतले. दारात चपला घालताना म्हणाले, "नहा के वाइपर मार देना. बस."

अम्मागारूंनी त्या वर्षीची आवकाय घातली. मला बरणी पाठवली नाही, मी विकत घेतली.

याला आता वर्ष होत आलं. शॉवरच्या कोपऱ्यात खालच्या तीन ओळी शेवाळी आहेत आणि वरच्या साईच्या रंगाच्या. ॲटलासची दोन पानं मी पातळ कागदानं जोडली, पण नद्या जिथे फाटल्या तिथे नावं वाचता येत नाहीत. मी सकाळी अंघोळ करते आणि वाइपर मारते. नऊपर्यंत फरशी कोरडी झालेली असते. घरात मी एकटी राहते.